ताट वाजलं तरच यायचं

आमच्या अंगणवाडीला घंटा नव्हती. मागून मागून माझं तोंड दुखलं, पण घंटा काही आली नाही. घंटेच्या जागी सरजाबाई होत्या. सकाळी दारात उभ्या राहून स्टीलच्या ताटावर पळी आपटायच्या, आणि त्या आवाजाला कुसळवाडीच्या गल्लीबोळांतून लेकरं धावत सुटायची. त्या ताटाला इतके पोचे पडले होते की त्यात वरण वाढलं असतं तर एका कोपऱ्यात जाऊन बसलं असतं.

मी धम्मशीला, तिथली सेविका. सरजाबाई मदतनीस. झाडलोट करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, एवढंच त्यांचं काम. पण अंगणवाडी सरजाबाईंची आणि मी त्यांच्या हाताखाली, असंच अख्खं गाव धरून चालायचं. मला त्याचा रागही यायचा. मी बारावी शिकलेली, रजिस्टरवर सही माझी, आणि नवीन लेकरू घेऊन आलेली बाई मला ओलांडून आत चुलीकडे जायची आणि विचारायची, "सरजाबाई, आजपासून ठिवू का हिला?"

गंगाखेडकडे गोदाकाठची काळी जमीन आहे. आमच्याकडे, बालाघाटाच्या पायथ्याला, मुरूम आणि कुसळं. म्हणून दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि माणसं चढतात आणि ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मागे म्हातारी माणसं राहतात, आणि सरजाबाईंनी भांडून ठेवून घेतलेली लेकरं.

भांडून म्हणजे खरोखर भांडून. ट्रॉली भरायला लागली की त्या पाराजवळ जाऊन उभ्या राहायच्या. "लेकरू नेतीस का फडात? ने. कोयत्यासंगं त्येलाबी घासून ने," असं तोंडावर बोलायच्या. फाटक्या तोंडाची बाई म्हणून लोक नाव ठेवायचे, पण बहुतेक आया शेवटी लेकरू खाली उतरवायच्या. ज्याची आजी धड नाही, ते सरजाबाईंच्या घरी झोपायचं. फाल्गुनापर्यंत त्यांच्या एका खोलीत वाकळेवर लेकरं रचून ठेवलेली असायची.

या भांडणामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. फार वर्षांपूर्वी त्याही नवऱ्याबरोबर तोडीला जायच्या. तीन वर्षांची सविता बरोबर होती. फडाच्या कडेला, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर पोर निजली होती, उन्हासाठी वरून शेंडेच पांघरले होते. ट्रॅक्टर मागे घेताना ड्रायव्हरला ती दिसली नाही. "मला दिसलं बाई. मी लांबून हाका मारल्या. सविते, ऊठ. सविते, ऊठ. झोपेत व्हती. वो दिली न्हाई," एवढं बोलल्या, सुपातला खडा काढून बाजूला टाकला आणि तो विषय तिथंच संपवला. नवरा पुढच्या सालीही तोडीला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला. सरजाबाई त्यानंतर कधी ट्रॉलीवर चढल्या नाहीत.

फाल्गुनात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि टोळ्या परतायला लागतात. गावामागे एक डोंगर आहे, बोडखा डोंगर. माथ्यावर एक हिवराचं झाड सोडलं तर सावली म्हणून नाही. पण तिथून गंगाखेडचा रस्ता पार लांबपर्यंत दिसतो. टोळी आज येणार असा फोन आला की सरजाबाई लेकरांना घेऊन डोंगर चढायच्या. चार-पाच महिने आईबाप न दिसलेल्या लेकरांना ट्रॅक्टर येताना आधी दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "घरात बसून वाट बघितली की लेकरू सुकतं. चढून बघितली की भूक लागती," असं त्यांचं शास्त्र होतं.

चढण्याची पद्धत त्यांचीच. जुनं नऊवारी लुगडं पिळून त्याचा दोर करायचा, त्याला हाता-दीड हातावर गाठी मारायच्या. प्रत्येक लेकराची आपली गाठ. गाठ सोडली की संध्याकाळच्या खिचडीत मिरची, ही धमकी. पुढे सरजाबाई, डाव्या हातात लुगड्याचं टोक, उजव्या हातात ताट. आजूबाजूला पळस फुललेला, लेकरांच्या चड्ड्यांना कुसळं टोचलेली, नाकं गळतायत, आणि सगळी वरात टेकत टेकत वर. मी मागून ढकलायला. खरं सांगते, वर्षभरात तेवढे दिवस मला माझी नोकरी आवडायची.

वर पोचलं की नियम सांगायचा. हा नियम पहिल्यापासून नव्हता. हरिओम नावाच्या एका पोराने एका साली खालून बापाची हाक ऐकली आणि वाट सोडून सरळ उतारावर धाव घेतली. गडगडत गेला, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून सरजाबाईंनी डोंगरावर चकवा आणून बसवला.

"हितं चकवा ऱ्हातो," त्या डोळे मोठे करून सांगायच्या. "त्यो आपल्या मानसाचा आवाज काढतो. आईचा काढतो, बापाचा काढतो. आवाज येतो, मानूस नसतं. नावानं हाक आली की वो द्यायची न्हाई. काय करायचं?"

सगळी लेकरं एकदम तोंडावर हात ठेवून खाली बसायची.

"आन् यायचं कवा?"

"ताट वाजलं तरच यायचं!"

"कारन चकव्याकडं ताट नसतं. त्येला कोन जेवाया देतंय?"

यावरून माझं आणि त्यांचं वाजायचं. आमच्या घरात भुताखेताला थारा नाही. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली देव्हारा उचलून गोदावरीत सोडला होता. मी म्हणाले, "सरजाबाई, लेकरांच्या डोक्यात असलं खूळ भरू नका. मोठी झाल्यावरबी जात न्हाई ते."

"खूळ न्हाई बाई, कुंपन हाय," त्या म्हणाल्या. "तुमी डोंगराला तारंचं कुंपन घाला, मी त्याच दिवशी चकवा काढून घिते."

तारेचं कुंपण कोण घालणार होतं?

आता निकिताबद्दल सांगते. मनकर्णा आणि बन्सीधर यांची ही एकुलती मुलगी, पाचवं लागलेलं, पुढचे दात किडलेले, बोलणं कमी. दोन सालांमागे मनकर्णा तिला सोडून जायला तयार नव्हती. सासू बायनाबाई, तिला धड दिसत नाही. ट्रॉली सुरू झाली तरी मनकर्णा पोरीला छातीशी धरून वर बसलेली. तेव्हा सरजाबाई चाकावर पाय देऊन वर चढल्या आणि पदर पसरला. "माझ्या पदरात टाक. फाल्गुनात येशील तवा जशीच्या तशी मोजून घे." मनकर्णाने पोर दिली. त्या साली तशी परत मिळाली, म्हणून पुढच्या साली न मागता दिली.

रविवारी मनकर्णाचा फोन सरजाबाईंच्या मोबाइलवर यायचा. निकिता फोन कानाला लावायची, "हां, हां" करायची, मग फोन उलटा करून त्याच्या पाठीमागे बघायची. आम्ही हसायचो. एकदा तिने मला विचारलंही, "बाई, आई ह्यात कुठून शिरती?" मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं आणि कामाला लागले.

त्या दिवशी होळी होऊन तीन-चार दिवस झाले होते. माझी गंगाखेडला मीटिंग होती, म्हणून मी सकाळीच निघून गेले. मागाहून मनकर्णाचा फोन आला, "परळी सोडली, दुपारी पोचतो." सरजाबाईंनी लुगडं पिळलं आणि एकट्याच लेकरं घेऊन डोंगर चढल्या. पुढचं मला त्यांनी आणि गावाने मिळून सांगितलं, पण त्यात फरक कुठे नाही.

वर गेल्यावर लुगडं हिवराला बांधलं. ऊन कडक होतं. लेकरांनी रस्त्यावर येणारं प्रत्येक वाहन आपलंच म्हणून ओरडून घेतलं. शेवटी लाल ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या दिसल्या तेव्हा एकच गलका झाला, गाठी सुटल्या, लेकरं नाचायला लागली. निकिता आदल्या रात्री आनंदाने झोपलीच नव्हती. त्या गलक्यात ती सावली शोधत पलीकडच्या अंगाला उतरली. तिथे खडकाची एक कपार आहे आणि तिच्या तोंडावर घाणेरीचं दाट झुडूप. ती आत शिरली आणि गाढ झोपली.

निघायच्या वेळी सरजाबाईंनी ताट वाजवलं. लेकरं आपापल्या गाठीला येऊन लागली. एक गाठ मोकळी राहिली.

त्यांनी ताट पुन्हा वाजवलं. हिवराच्या चारी बाजूंना फिरून वाजवलं. पोर झोपेत, ऐकणार कोण? पाणी संपलेलं, मोबाइल घरीच राहिलेला, बाकीची लेकरं उन्हात रडायला लागलेली, त्यांना तिथं सोडून लांब जाता येईना. शेवटी त्या बाकीच्यांना घेऊन खाली उतरल्या, लोकांना घेऊन परत चढायचं म्हणून. यावर गावात अजून तोंडं वाजतात. ज्यांना वाटतं की त्यांचं चुकलं, त्यांनी एकदा ती सगळी कच्चीबच्ची घेऊन उन्हात तिथं उभं राहून दाखवावं, मग बोलावं.

खाली पाराजवळ ट्रॅक्टर येऊन थांबला होता. मनकर्णा उतरून लेकरांच्या रांगेकडेच बघत उभी होती. मनगटाला प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली, पिशवीत हिरवा फ्रॉक. तिची नजर गाठीगाठीवरून सरकत शेवटच्या मोकळ्या गाठीवर आली.

"माझी कुठंय?"

सरजाबाईंनी सांगितलं. बन्सीधरने सगळ्यांदेखत त्यांच्या कानाखाली वाजवली. त्या पडल्या, उठल्या, ताट उचललं आणि डोंगराकडे धावत ओरडायला लागल्या, "नावानं हाका मारू नगा! ताट वाजवा! ती नावाला वो देनार न्हाई!" बन्सीधरने ते ताट हिसकावलं आणि बाजूच्या जुन्या दगडखाणीत भिरकावून दिलं. "लेकरू हारपलंय आन् ही ताट वाजवा म्हनायली! येडी झाली म्हातारी!" बायकांनी सरजाबाईंना धरून पारावर बसवलं. त्यातली एक जण तर त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पांढऱ्या पायाची हाय. सोताचं खाल्लं, आता दुसऱ्याचं." ती बाई कोण ते मला माहीत आहे. तिची तिन्ही लेकरं सरजाबाईंच्या वाकळेवर वाढली.

ऊन कललं तेव्हा मी जीपमधून उतरले. पारावर बायकांचा गराडा, मध्ये सरजाबाई. गालावर बोटं उमटलेली. त्यांनी माझा हात असा धरला की बांगडी पिचली.

"बाई, ती वर हाय. ती दडून बसली आसंल. हे सगळे नावानं हाका मारायलेत. जितक्या हाका मारतील तितकी ती गप बसंल. मीच शिकवलंय."

डोंगरावरून हाका ऐकू येत होत्या. "निकिता ऽ ऽ!" "निके ऽ ऽ!" पुरुषांच्या, पोरांच्या, आणि सगळ्यांच्या वर मनकर्णाची. खाणीत साचलेल्या पाण्यापाशी माणसं जमली होती. टोळीचा मुकादम भुजंग दोराला गळ बांधून पाण्यात सोडत होता आणि बन्सीधर काठावर उकिडवा बसून दोराकडे बघत होता. दोर जरा अडला की तो उठून उभा राहायचा. वर आलं ते एक जुनं पोतं. मग एकदा आलं ते सरजाबाईंचं ताट.

मला आधी सरजाबाईंचाच संताप आला. चांगले चार शब्द सुनवावे असं जिभेवर आलं होतं. पण ती वेळ नव्हती. मी अंगणवाडीचं कुलूप उघडलं, दुसरं ताट आणि पळी घेतली, बायकांना बाजूला लोटलं आणि सरजाबाईंना घेऊन चढायला लागले. कुणी आडवं आलं असतं तर मी त्याला चावले असते.

माथ्यावर मनकर्णा उभी होती. आवाज बसला होता, तरी हाका चालूच होत्या. "निके, ये माझी बाय. मी आलेय ग. तुझी आई आलेय." पिशवी तशीच मनगटाला.

"सगळे गप बसा!" मी ओरडले. एरवी माझा आवाज अंगणवाडीच्या भिंतीबाहेर जात नाही. त्या दिवशी गेला. माणसं थांबली. मनकर्णा थांबेना, तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

सरजाबाईंनी ताट वाजवलं. रोज सकाळी वाजवायच्या तसंच, दोन सावकाश आणि तीन भरभर.

समोरची घाणेरी हलली. मनकर्णा जिथे उभी होती तिथून ते झुडूप दोन बैलगाड्यांइतकंही लांब नव्हतं. त्यातून निकिता बाहेर आली. गालावर ओरखडे, ओठ सुकून पांढरे, परकर ओला झालेला, आणि डावा हात तोंडावर घट्ट दाबलेला. ती आईच्या बाजूने चालत गेली, तिच्याकडे न बघता, आणि सरजाबाईंच्या लुगड्याला चिकटली.

मनकर्णाने धावत येऊन तिला उचललं, मुके घेतले, पाणी पाजलं. पोर अंग ताठ करून होती. मग मनकर्णाने विचारलं, "निके, मी येवढ्या हाका मारल्या. तू जागी व्हतीस?"

पोरीने मान हलवली. हो.

"मंग वो का दिली न्हाईस ग?"

"आवाज आला. मानूस नव्हतं," निकिता म्हणाली. "आई तर फोनात असती."

आणि पाठ केलेलं गाणं न चुकता म्हटल्यावर लेकरं बघतात तसं तिने सरजाबाईंकडे बघितलं. "मी न्हाई बोलले आज्जी. लय मोठ्यानं ओरडायला व्हता चकवा. तरी न्हाई बोलले."

बन्सीधर खालून धापा टाकत आला होता, तो तिथंच उकिडवा बसला. सरजाबाईंनी ताट खाली ठेवलं. "मीच शिकवलं मनकर्णे," त्या म्हणाल्या. "तिची काय बी चूक न्हाई."

मनकर्णाने त्यांना शिवी दिली नाही, हात उगारला नाही. ती म्हणाली, "लेकरू जित्तं दिलं, तुमचे उपकार हायत सरजाबाई. पर जसंच्या तसं न्हाई दिलं."

हे बोलणं सरजाबाईंना बन्सीधरच्या हाताहून जास्त लागलं. त्यांनी त्यानंतर मला किती वेळा ते म्हणून दाखवलं असेल. मीही त्यांना रागावले नाही. रागवायला समोरच्या माणसात काही शिल्लक राहिलं पाहिजे ना.

गावाने ती गोष्ट आठवडाभर चघळली आणि सोडून दिली. पण निकिताने सोडली नाही. डोंगरावरचा नियम ती आता सगळीकडे पाळायला लागली. माणूस समोर दिसल्याशिवाय नावाला ओ म्हणून द्यायची नाही. घरातून हाक मारली तर अंगणात तोंडावर हात ठेवून बसायची. मनकर्णा रडायची, बन्सीधर मारायचा. मारल्यावरही ती हात तोंडावरून काढायची नाही. बायनाबाईने अंगारा लावून बघितला.

आणि उन्हाळ्यात मनकर्णाने सांगून टाकलं, की यंदा पोरीला बरोबर नेणार.

सरजाबाई हे ऐकून चुलीपुढे बसल्या त्या खिचडी करपली तरी उठेनात. "बाई," त्या म्हणाल्या, "फडात ट्रॅक्टर मागं सरकतो तवा हाकंशिवाय काय नसतं हो. आईचे हात उसात गुतल्याले असतात. नुसती हाक पोचती. आन् हिला मी हाकंला वो द्यायची न्हाई म्हून शिकवलंय."

तेव्हा मला कळलं की ही बाई कशाला भ्याली आहे. सविता झोपेत होती म्हणून तिने ओ दिली नव्हती. ही जागी असूनही देणार नव्हती.

पावसाळाभर सरजाबाईंनी एकच काम केलं. मनकर्णाने पोरीला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं होतं, म्हणून त्या तिच्या घरामागे जाऊन भिंतीआड उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, "निकिता ऽ." मग वाट बघायच्या. पुन्हा, "निकिता ऽ." आतून काही नाही. समोर जाऊन तिला जवळ घेऊन सांगायच्या, "चकवा मेला ग. मी मारला त्याला. आता नावानं हाक आली की वो दे." निकिता मान डोलवायची. त्या भिंतीआड जायच्या, हाक मारायच्या, आणि पुन्हा काही नाही. ज्या बाईने चकवा जिवंत केला तिच्याच सांगण्यावरून तो मेला हे लेकराला पटत नव्हतं, की तेही चकव्याचंच एक सोंग वाटत होतं, कोण जाणे. बन्सीधरने दोनदा हाकलून लावलं. तरी त्या जायच्या. गाव म्हणायचं, सरजाबाईला भ्रम झाला.

दिवाळी झाली. ट्रॉल्या भरायला लागल्या. त्या साली पाराजवळ भांडण झालं नाही. सरजाबाई उभ्या होत्या, पण त्यांच्याकडे बघून कुणी लेकरू उतरवलं नाही. एकेक करून सगळी वर चढली. मनकर्णाच्या दारात मात्र त्या आदल्या दिवशी जाऊन आल्या होत्या.

"ठिवून जा म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं नको. पर बायनाबाईकडं ठिव. धम्मशीलाबाईंकडं ठिव."

"माझ्या डोळ्याम्होरं ऱ्हाईल," मनकर्णा म्हणाली.

"फडात डोळा उसावर असतो ग मनकर्णे. लेकरावर नसतो. मला ईचार."

मनकर्णाचे डोळे भरले. पण ती आत निघून गेली. तिचं तरी काय चुकलं? जिच्या लेकीला आपली आई फोनात राहते असं वाटतं, तिने दुसरं काय करावं?

ट्रॅक्टर निघायच्या आधी सरजाबाई मला म्हणाल्या, "बाई, डोंगरावर येता का?" आम्ही दोघीच चढलो. लुगड्याचा दोर नाही, लेकरं नाहीत. पळसाला नुसती पानं होती. हिवराखाली पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात मोकळा आहे.

"ताट न्हाई आणलं?"

"ताट कसं आनू बाई?" त्या म्हणाल्या. "वाजलं तर ती येनारच. चालू ट्रॉलीतून उडी टाकंल."

खाली वळणावर ट्रॅक्टर आला. तिथे रस्ता डोंगराला अगदी खेटून जातो, माणसांचे चेहरे ओळखू येतात. दुसऱ्या ट्रॉलीत बोचक्यांवर निकिता बसली होती, अंगात तो हिरवा फ्रॉक. मनकर्णा तिच्याकडे पाठ करून भांड्यांचं पोतं बांधत होती.

सरजाबाई काठाशी गेल्या. त्या डोंगरावर इतक्या वर्षांत त्यांनी कधी कुणा लेकराला नावाने हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. "निकिता ऽ ऽ! वो दे ग! एकदा वो दे!"

हाक पोचली. ट्रॉलीतली दोन-चार माणसं वर बघायला लागली. पोरीनेही मान वर केली, हिवराकडे बघितलं, डोळ्यांवर ऊन असल्यामुळे तिला आम्ही दिसलो की नाही ठाऊक नाही. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे बोचक्यांच्या मध्ये खाली बसली.

सरजाबाई हाका मारत राहिल्या. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत तो हात तोंडावरून निघाला नाही.

"लय पक्कं शिकवलं बाई मी," सरजाबाई म्हणाल्या.